घरट्यापासून दहा पावलांवर

मुलुंडहून गोराईला जायला व्हिसा लागत नाही, म्हणूनच बहुधा पासष्ट वर्षांत मी तिथे एकदाही गेले नव्हते. सिंगापूर पाहून झालं, केदारनाथला घोड्यावरून पडून झालं. पण आपल्याच मुंबईत, बोरिवलीच्या खाडीपलीकडे भात पिकतो आणि संध्याकाळी कोल्हे ओरडतात, असं कुणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, काहीतरीच काय. सांगितलं होतंच म्हणा. माझी मैत्रीण सेलीना तीस वर्षं सांगत होती.

सेलीना आणि मी एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड विभागात शेजारशेजारच्या टेबलांवर बसायचो. ती गोराईची, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचीच मूळची मराठी ख्रिश्चन, घरची शेती. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तिच्या नखांत चिखल दिसायचा आणि मी तिला टोकायचे. ती म्हणायची, "तू ये एकदा, तुझ्या पण नखांत घालते." मी म्हणायचे, "येईन गं." हे 'येईन गं' दोघी निवृत्त झालो तरी चालूच राहिलं.

यंदा गणपती झाल्यावर तिचा फोन आला. "वसू, रंगीत पाणलावा आलाय. खालच्या खाचरात घरटं केलंय. बघायचं तर आता ये. पुढच्या वर्षी खाचर असेल की नाही माहीत नाही."

पाणलावा म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. पण सेलीना रडवेल्या आवाजात बोलणारी बाई नव्हे आणि तो आवाज रडवेला होता. मी दुसऱ्या दिवशी बॅग भरली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, पितृपक्षात कुठे निघालात?" म्हटलं, बोरिवलीच्या पुढे जायला कसला आलाय मुहूर्त. बॅगेत चार कुडते, रक्तदाबाच्या गोळ्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला माझा विळा. आमच्या सोसायटीच्या बागेची मी गेली सहा वर्षं प्रमुख आहे. गवताची एक काडी वाकडी दिसली तर माझं डोकं उठतं. हा विळा माहेरच्या गावच्या लोहाराने घडवलेला, आंब्याच्या लाकडाची मूठ. शेतावर जायचं तर हातात काहीतरी हवं, रिकामं कसं जायचं, असा माझा विचार.

तो विळा मी नेला नसता तर हे लिहायची वेळ आली नसती.

खाडीपलीकडे

बोटीत माणसं आणि स्कूटर एकत्रच चढतात आणि स्कूटरला आधी जागा मिळते. शेजारी एक कोळीण पाटी घेऊन बसली होती. "समुद्रावर?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, शेतावर चाललेय, राहायला. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सेलीनाबायकडं? ती गवत वाढवते ती?" म्हणजे माझी मैत्रीण गावात प्रसिद्ध होती, पण कशासाठी ते मला तेव्हा कळलं नाही.

सेलीना पलीकडच्या धक्क्यावर उभी होती. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात गमबुटांची जोडी. "हे घाल आधी. तुझ्या चपलांची वाट लागेल." मिठी वगैरे नंतर.

रिक्षाने गावात शिरलो आणि पाच मिनिटांत मी मान बाहेर काढून बघायला लागले. दोन्ही बाजूंना भात, कमरेएवढा, नुकता निसवायला लागलेला. पलीकडे तिवरांची काळपट हिरवी रांग, त्यापलीकडे खाडी, आणि त्याही पलीकडे, अगदी चित्रात लावल्यासारखे बोरिवलीचे टॉवर. मी तिथल्याच एका टॉवरमध्ये भाचीकडे हळदीकुंकवाला जाते. तिच्या गॅलरीतून हे सगळं दिसत असणार. मी तिकडे पाठ करून साबुदाण्याची खिचडी खात बसते.

तिच्या शेताजवळ रस्त्याला लागून लाल मातीचा एक मोठा ढीग होता. सेलीनाने त्याच्याकडे पाहिलं नाही, त्यामुळे मी पाहिलं.

जेवायला तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं कालवण आणि कुर्डूची भाजी. कालवणात त्यांचा बाटली मसाला. उन्हाळ्यात बायका एकत्र जमून कांडतात आणि बाटल्यांत ठासून भरतात, वर्षभर पुरतो. आमच्याकडे मालवणी मसाल्याची बरणी असते तसंच, पण चव वेगळी, जिभेवर उशिरा पोहोचणारी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. कुर्डू कुठून आणलास विचारलं तर म्हणाली, "बांधावरून. फवारा मारत होतो तेव्हा कुर्डू पण मरायचा, बेडूक पण, सगळंच."

तेव्हा तिचा भाऊ आत आला. पास्कू. सत्तरीचा, उंच, वाळका, खाकी अर्धी चड्डी आणि डोक्यावर टोपी. माझ्याकडे बघून मान हलवली आणि ताट घेऊन बसला. जेवता जेवता मला, पण बहिणीला ऐकू जाईल असं म्हणाला, "चार वर्षां गवत वाढवतेय ही. उंदीर वाढले. पाखरू एक आयलं."

"एक आलं ना," सेलीना म्हणाली.

"एक आयलं," तो म्हणाला आणि भाकरी मोडली.

सगळी हकीकत मला त्यानंतर कळली. शेत दोघा भावंडांचं. पूर्वी बांधावरचं गवत मारायला औषध फवारायचे, सोपं पडायचं. सेलीनाचा नवरा सायमन जाऊन सहा वर्षं झाली. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात त्याने तिला खालच्या खाचरात पाणलाव्याचं घरटं दाखवलं होतं. मग फवारे आले आणि पाणलावे गेले. नोकरी संपल्यावर ती भावाला म्हणाली, फवारा बंद करूया, बांध थोडे रानटी राहू दे, एका कोपऱ्यात पाणी राहू दे. पास्कूने चार वर्षं ऐकलं. पण खालचं खाचर पाणथळ, पीक कमी. रस्त्यालगत आहे, सुट्टीला गाड्या येतात, त्यांना उभं राहायला जागा नाही. आगेरा झाला की मातीचा भराव टाकायचा आणि पार्किंग करायचं, असं त्याने ठरवलं होतं. आगेरा म्हणजे त्यांचा नव्या पिकाचा सण, भाताची पहिली कणसं चर्चमध्ये नेतात. रस्त्यावरचा ढीग त्यासाठीच आला होता.

"मग घरटं सापडलं," सेलीना म्हणाली. "पास्कू म्हणाला, पिल्लं निघाली तर बघू. 'बघू' म्हणाला. तो 'हो' कधी म्हणतच नाही, 'बघू' म्हणजे पुष्कळ झालं."

खालचं खाचर

दुसरा दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही. इतकी शांत मी कितीतरी वर्षांत बसले नव्हते.

सकाळी आंघोळ करून टॉवेल कुठे वाळत घालावा म्हणून बघत होते, तर भातात जागोजागी वाळक्या फांद्या रोवलेल्या. म्हटलं, वा, काय सोय आहे. टॉवेल टाकला. पाच मिनिटांत एक काळा, दुभंगल्या शेपटीचा पक्षी समोरच्या तारेवर बसून मला अशा काही शिव्या द्यायला लागला की सेलीना बाहेर धावत आली. "अगं बाई, ती कोतवालाची खुर्ची आहे! तिथे बसून तो किडे धरतो. संध्याकाळी घुबड बसतं उंदरांसाठी. काढ तो टॉवेल." मी टॉवेल काढला. कोतवाल येऊन बसला आणि माझ्याकडे पाठ केली.

मग तिने मला सगळं दाखवलं. बांधावरचं गवत ती एकदम कापत नाही. या आठवड्यात हा बांध, पंधरा दिवसांनी पलीकडचा, म्हणजे कुणाला तरी नेहमी लपायला जागा. खाचराच्या खोल कोपऱ्यात एक डबकं राखलंय, बाकी सुकलं तरी तिथे बेडूक आणि चिंगळ्या तग धरतात. तिवरांच्या बाजूला उघाडी आहे, लाकडी दार बसवलेली मोरी. ओहोटीला शेतातलं पाणी ढकलून बाहेर जातं आणि भरतीला खाडीचं पाणी त्याच दाराला दाबून बंद करतं. कुणी हात लावायला नको. मी दहा मिनिटं ते दार बघत उभी राहिले. आमच्या कचेरीत एवढ्या चोख कामाला तीन शिपाई लागले असते.

"कापणी कशी करायची माहितीय?" ती म्हणाली. "मधून सुरू करून बाहेर यायचं. बाहेरून आत कापत गेलं की सगळे जीव मधे कोंडतात. पण पास्कू ऐकत नाही. म्हणतो, बापजाद्यांनी असंच कापलं."

घरटं मात्र जवळून दाखवायला ती तयार नव्हती. आम्ही आंब्याखाली बसलो आणि तिने लांबून बोट केलं. बांधावरच्या गवतात एक काठी आणि काठीला लाल चिंधी. "ती घरट्याची खूण," ती म्हणाली. "चार अंडी आहेत. बारा दिवस झाले बसून." मी डोळे ताणले पण गवताखेरीज काही दिसलं नाही. दिसू नये म्हणूनच तर ते तिथे होतं.

दिवस मावळायला आला तसे तिवरांतून कोल्हे ओरडले. आधी एक, मग पाच-सहा. मी पाय वर घेऊन बसले. सेलीना हसत होती. त्याच वेळी समोरच्या टॉवरांत दिवे लागत होते. माझ्या मनात आलं, या बाईने नखांतल्या चिखलाने हे सगळं टिकवून धरलंय आणि मी तिला तीस वर्षं नखं स्वच्छ ठेव म्हणून सांगत होते. मला तिच्यासाठी काहीतरी करावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

परत येताना त्याच बांधाच्या अलीकडच्या टोकाला तिचा पाय ओल्या गवतावरून घसरला. गुडघा आधीच दुखरा. ती हसली, पण घरापर्यंत माझा हात धरून आली.

बांध

तिसऱ्या दिवशी सकाळी सेलीना चर्चमध्ये मिसाला, म्हणजे प्रार्थनेला गेली. "तास दीड तासात येते, तू चहा घे, आराम कर." मी आणि आराम. मी वर्तमानपत्रातून विळा काढला.

ज्या बांधावर ती घसरली तोच बांध साफ करायचा, ती यायच्या आत, म्हणजे परतल्यावर तिला सपाट पायवाट मिळेल, असा बेत. घरट्याचा मी विचार केला नाही असं कुणी समजू नये. नीट केला. रेकॉर्ड विभागात आयुष्य गेलं, चिठ्ठी दिसली की ती कोणत्या फाइलीला लावलीय ते मी बघणारच. लाल चिंधी जिथे तिथे घरटं. तिथपासून दोन्हीकडे पाच-पाच पावलं मोजली, वर आणखी एक-एक आदर म्हणून सोडलं आणि उरलेला बांध कापायला घेतला.

काय सुंदर कापत होते मी! इतकं सरळ की आमच्या सोसायटीच्या माळ्याने वही घेऊन यावं. कुर्डू, गवत, सगळं एका पातळीत. पंधरा-वीस हात साफ झाले असतील. आणखी एक मूठ धरली, ओढली, विळा फिरवला, आणि माझ्या पायाजवळून एक पक्षी उडाला. उडाला म्हणजे पडत पडत गेला, लांब पाय खाली लोंबत, आणि भातात घुसला.

मी खाली बघितलं. दाबलेल्या गवतावर चार अंडी, पिवळट, त्यांवर शाई सांडावी तसे काळे डाग. वर आता काहीही नव्हतं. ऊन थेट पडलं होतं.

मी लाल चिंधीकडे पाहिलं. ती दहा पावलांवर होती.

ओरडावं तर कुणाला? मागे पावलं वाजली. पास्कू उभा होता. तो बघत होता ते अंड्यांकडे, कापलेल्या बांधाकडे आणि मग माझ्याकडे. आता हा माणूस हसेल किंवा म्हणेल, गेलं पाखरू, आता भराव टाकतो. मी दोन्हीची तयारी केली.

"खूण तिथे होती," मी म्हटलं. माझा आवाज मलाच शाळकरी मुलीसारखा वाटला.

"खूण घरट्यावर नय लावत," तो शांतपणे म्हणाला. "कावळा बघतो माणूस कुठं खूण करतो ते. म्हणून दहा पावलं सोडून लावायची. हे इथं पोरासोरांना पण ठावं हाय." मग हात पुढे केला. "विळा दे."

मी दिला. त्याने तो कमरेच्या पट्ट्यात खोचला. "हा माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

पुढे तो जे काही करत होता ते मी नुसती बघत होते. त्याने कापलेलं गवत गोळा केलं, अंड्यांना बोट न लावता एकेक ताट, म्हणजे अख्खी काडी, भोवती चिखलात खोचलं, तिरपं, शेंडे आत वळवून. मला म्हणाला, "लांब ताटां दे, आखूड नको." मी वेचून देत राहिले. पाव तासात तिथे विरळ का होईना, छप्पर उभं राहिलं. मग तो चिंधीच्या काठीपाशी गेला, काखेतली छत्री उघडली आणि बांधावर बसला. आंब्यावर दोन कावळे येऊन बसलेच होते. त्याने ढेकूळ भिरकावलं. कावळे उडाले, परत आले. त्याने दुसरं भिरकावलं.

सेलीना आली तेव्हा मी तिला फाटकातच गाठलं. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. सगळं सांगितलं, पावलं मोजल्याचंही. ती ऐकत राहिली. चेहरा असा झाला की मला वाटलं ओरडली तर बरं होईल. ओरडली नाही. "वसू, आज माझ्याशी बोलू नकोस," एवढंच म्हणाली आणि आंब्याखाली जाऊन बसली. मी तिच्यापासून चार हातांवर बसले. पन्नाशी ओलांडल्यावर मैत्रिणी नव्याने होत नाहीत हो. आहे ती आपल्याच हाताने गवतासारखी कापली, असं वाटून मला रडू आलं आणि मी ते पदर नसल्यामुळे कुडत्याला पुसलं.

अकरा वाजले. पक्षी आला नाही. मी पास्कूला चहा नेऊन दिला. त्याने छत्री सरकवून मला सावलीत जागा दिली. मी म्हटलं, "तुमचा तर याच्यावर विश्वास नव्हता. मग हे कशासाठी?"

त्याने टोपी मागे सारली. मग भाताकडे हनुवटी केली. "उडाला तो बापूस हाय. या पाखरात आय नटलेली असते, रंगाची. ती अंडी घालते न् दुसरीकडं संसार मांडायला जाते. बसतो बापूस. पिल्लां पण तोच वाढवतो." चहाचा घोट घेतला. "माझी बायको गेली तवा धाकटी दोन वर्षांची होती. तीन पोरी. मना वेणी घालता येत नव्हती. शाळेतल्या बाई हसायच्या, म्हणायच्या, पास्कू, हे दोर वळलेत काय."

"मग?"

"मग शिकलो."

तो पुन्हा ढेकूळ उचलून आंब्याकडे बघत बसला. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पडले असते तर त्याने मला चिखलात ढकललं असतं.

बाराच्या सुमारास त्याने माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. हलू नको. भाताच्या ताटांतून आधी एक लांब चोच आली, मग पिवळसर कडा असलेला डोळा. साधा करडा-बदामी पक्षी, पाठीवर सोनेरी ठिपके. दोन पावलं टाकली, थांबला. कमरेपासून वरखाली डुलला. पुन्हा दोन पावलं. खोचलेल्या गवतापाशी येऊन उभा राहिला आणि आमच्या कामाची पाहणी केली. एक ताट त्याला आवडलं नाही, ते चोचीने ओढून नीट केलं. मग आत शिरला, अंग हलवून हलवून अंड्यांवर टेकला आणि दिसेनासा झाला.

मी मागे वळले. आंब्याखाली सेलीना दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. मी तिच्याजवळ गेले तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "गाढव आहेस तू." त्या एका शब्दासाठी मी देवाचे, तिच्या आणि माझ्या, दोघांच्याही देवांचे आभार मानले.

त्या दिवशी तिने फुगे तळले, ते आंबवलेल्या पिठाचे गोल, पोकळ. मी सात खाल्ले. कुणी मोजले नाहीत, मीच सांगतेय. चौथ्या दिवशी निघताना पास्कू धक्क्यापर्यंत आला, माझी बॅग बोटीत ठेवली. विळा काही परत दिला नाही आणि मागायची माझी छाती झाली नाही.

मुलुंड, मग पुन्हा गोराई

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे माळ्याला सांगितलं, पाण्याच्या टाकीमागचा कोपरा कापायचा नाही. सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी दारात हजर. "मॅडम, तुम्हीच सांगता ना गवत दिसलं तर साप येतील?" मी म्हटलं, मी पुष्कळ काही सांगत होते, आता हे सांगतेय. ते "झकास" म्हणून गेले, पण त्यांचा तो झकास कसा होता ते मला कळलं.

रोज सेलीनाला फोन. रोज तेच उत्तर, बसलाय. सातव्या दिवशी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मी हॅलो म्हणेपर्यंत पलीकडून आवाज आला. "चार. चारी चालतात. बापसाच्या मागं मागं डबक्याकडं गेली." आणि फोन बंद. पास्कूला फोनवर बोलायला आवडत नाही असं सेलीना म्हणते. मी तो नंबर जपून ठेवलाय. भरावाचं काय ठरलं ते विचारायला मी परत लावला, तर उचलला नाही. सेलीनाला विचारलं तर म्हणाली, "मला पण बोलत नाही. बघू, म्हणतो."

आगेऱ्याला मी गेले. नवरात्र चालू होतं. आमच्या कोकणात दसऱ्याला भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांत बांधून दाराला लावतात, नवं म्हणतात त्याला. इकडे तीच कणसं चर्चमध्ये जातात, फादर आशीर्वाद देतात, मग घराघरांत वाटतात. भात तोच, फक्त दारं वेगळी. बोटीत पुन्हा तीच कोळीण भेटली. "पिल्लां निघाली म्हणे," ती म्हणाली आणि पाटी सरकवून स्वतःहून मला जागा दिली.

रिक्षातून उतरले आणि आधी रस्त्याच्या कडेला बघितलं. ढीग नव्हता.

माती गेली म्हणजे खाचरात गेली, दुसरं कुठे जाणार? मी गमबूट न घालताच बांधावरून पळत सुटले. खालचं खाचर जागेवर होतं. पिवळं पडायला लागलेलं, कणसांनी वाकलेलं. तिवरांच्या बाजूचा बाहेरचा बांध मात्र दोन वीत उंच झाला होता, लाल, ताजा, हाताने थापलेला. खाडीचं पाणी तिथूनच आत झिरपायचं, सेलीनाने दाखवलं होतं मला. पास्कूच्या पायांना गुडघ्यापर्यंत तीच लाल माती होती, सणाच्या दिवशीसुद्धा.

"चपला घालून आलीस," तो माझ्या पायांकडे बघून म्हणाला.

सेलीना निळ्या लुगड्यात होती, केसांत अबोलीचा गजरा. मी तिच्याकडे बघितलं, तिने खांदे उडवले. तिलाही त्याने काही सांगितलं नव्हतं. पंधरा दिवस नुसती माती वाहत होता.

"आगेऱ्याची कणसां यंदा या खाचरातली न्यायची," पास्कू म्हणाला. "मधली. मग कापणी पण मधून बाहेर." हे तो भाताकडे बघून बोलला, पण सेलीनाने ते ऐकलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

त्याने कमरेच्या पट्ट्यातून माझा विळा काढला. धार लावलेली होती, मुठीला तेल पाजलेलं. माझ्यापुढे धरला.

"घे. पहिली कणसां तू काप."

"मी?" मी म्हटलं. "माझ्यावर विश्वास आहे तुमचा?"

"बघू," तो म्हणाला.

मी चपला काढल्या आणि चिखलात उतरले. खाचराच्या मधोमध जाऊन एक मूठ कणसं धरली, पण कापायच्या आधी खाली वाकून चारी बाजूंनी बघितलं, मग पुन्हा एकदा बघितलं. काठावरून सेलीना ओरडली, "अगं वसू, काप आता, मिसा सुरू होईल!" मी कापलं.